नेमगोंडाचं वजन

मार्चात सुरक्षा सप्ताह असतो.
उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात तेव्हा
आग साडेदहाला लागते,
चहा झाल्यावर.
हिरेमठ साहेब आदल्या दिवशी नोटीस लावतात,
कन्नडात आणि इंग्रजीत.
खाली कुणीतरी पेन्सिलीनं मराठीत लिहितं:
उद्या आग. बूट घालून येणे.

मी टाइमकीपर. हातात घड्याळ, काखेत हजेरीबुक.
भोंगा होतो. ईरण्णा "बेंकी, बेंकी" ओरडतो,
त्यालाच हसू फुटतं, मग सगळ्यांना.
पॅकिंगच्या बायका पदर नाकाला लावून
वरातीसारख्या उतरतात.
मागचं दार सकाळपासून उघडं,
खाली वीट लावून ठेवलेलं.
जांभळीखाली मी डोकी मोजतो, एकशे बारा.
तीन मिनिटं चाळीस सेकंद.
साहेब खूश.

आणि नेमगोंडाच्या गळ्यात चिठ्ठी: बेशुद्ध.
दर वर्षी त्यालाच,
कारण तो हडकुळा, आणि पडतो छान.
जिन्याच्या मधल्या वळणावर,
आधी जागा झाडून घेऊन.
कुगजी, दस्तगीर, मेणसे आणि ईरण्णा त्याला उचलतात.
एकदा उचलल्यावर मध्येच म्हणाला,
"हळू गा, खिशात चुन्याची डबी हाय."

खरी लागली ती भाद्रपदात, दुसऱ्या पाळीला,
नऊ वाजून काही मिनिटांनी.
काही मिनिटं म्हणतो,
कारण घड्याळ मी बघितलंच नाही.

थिनरचा वास आधी आला.
वासाला कोण उठतंय?
मेणसे म्हणाला, रंगवाले असतील.
भोंगा झाला तेव्हा
आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो,
आधी कुणाचं तोंड खरं मानतंय ते.
कुणी ओरडलं नाही.
शांतव्वानं हातातला खोका चिकटपट्टी लावून पुरा केला,
तारखेचा शिक्का मारला,
मग उठली.
कुगजी रेनकोट आणायला लॉकरकडे गेला.
आणि मी, सांगायला लाज वाटते,
खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली.

मागच्या दाराला कुलूप होतं का
ते आजही ठाऊक नाही.
तिकडं कुणी गेलंच नाही.
रोज ज्या जिन्यानं चढतो त्याच जिन्यानं
सगळे, भिंत चाचपत,
आणि कोण कुठल्या भाषेत खोकतंय
ते कळत नव्हतं.

मधल्या वळणावर पायाला मऊ लागलं.
नेमगोंडा.
तीच जागा.
गळ्यात चिठ्ठी नव्हती
म्हणून क्षणभर सुचलंच नाही काय करायचं.
"ऊठ की गा," दस्तगीर म्हणाला.
ईरण्णाची पाळी दिवसाची.
चौथा मी.

तेव्हा कळलं
दर वर्षी तो किती मदत करत होता.
आमच्या मानेत हात अडकवायचा,
पोट आत घ्यायचा,
पायरी आली की गुडघा वर.
बेशुद्ध असून अर्धं वजन
स्वतःच वाहायचा.
आता हात घसरत होता,
डोकं जाईल तिकडे जात होतं.
पन्नास किलोचा माणूस,
त्याला धरायला कुठं जागाच सापडेना.

जांभळीखाली अंधार.
मोजली. एकेचाळीस. परत मोजली, एकोणचाळीस.
किती हवेत ते बुकात,
बुक वर टेबलावर.
बायका नावानं हाका मारत होत्या.
आकडा कुणी विचारला नाही.

सगळे निघाले बाहेर. नेमगोंडाही,
तीन दिवसांनी, सिव्हिलमधून, बसल्या आवाजात.

या मार्चात साहेबांनी चिठ्ठी दुसऱ्याला देऊ केली.
यानं हात पुढे करून घेतली.
वळणावर गेला,
जागा न झाडताच पडला.
ईरण्णा मागे सरकला, चौथा परत मी.
आम्ही उचललं.
मानेत हात आला नाही.
गुडघा वर झाला नाही.
सहाव्या पायरीवर मला धाप लागली, म्हणालो,
"नेमगोंडा, बास की आता."
डोळे न उघडता म्हणाला,
"उजवा हात सुटतोय बघ तुझा."

पाच मिनिटं दहा सेकंद.
साहेबांनी तोंड वाकडं केलं.
मी तसंच लिहिलं.